सत्कारात मिळालेलं तांबडं अँथुरियम घरात कसं जगवायचं?

तालुका प्रतिनिधी :

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सत्काराची पद्धत बदलली. शाल, श्रीफळ आणि हार यांच्या जोडीला आता कुंडी आली. सेवानिवृत्तीचा कार्यक्रम असो, नव्या सरपंचांचा सत्कार असो की वास्तुशांत, चकचकीत हिरव्या पानांचं आणि मेणासारख्या तांबड्या फुलाचं एक रोप हातात दिलं जातं. फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, रोप घरी येतं. आणि दोन महिन्यांनी तीच कुंडी परसात उपडी पडलेली दिसते.

या रोपाचं नाव अँथुरियम. आमच्या घरात ते पहिल्यांदा आलं ते आबा सोसायटीच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा. आईने ते तुळशीकट्ट्याशेजारी उन्हात ठेवलं आणि तुळशीसारखंच रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं. मी पडलो द्राक्षबागायतदार. रोप पिवळं पडतंय म्हटल्यावर चिमूटभर युरिया टाकला. सहा आठवड्यांत खेळ आटोपला. आबा कुणाला काही बोलले नाहीत, पण ती रिकामी कुंडी त्यांनी टाकू दिली नाही, माळ्यावर नेऊन ठेवली. चार एकर बाग सांभाळणाऱ्या माणसाला एक कुंडी जगवता येऊ नये, हे मला लागलं. मग नर्सरीवाल्यांना विचारून, वाचून आणि आणखी एक रोप मारून जे कळलं ते इथं देतो. आता घरात आहे ते अँथुरियम चार वर्षांचं आहे. आपल्या सांगलीच्या पूर्व भागातली कोरडी हवा आणि बोअरचं जड पाणी धरूनच हे लिहिलं आहे.

अळूचा भाऊ, पण चिखलातला नव्हे

पान बघितलं की कुणीही म्हणेल, हा तर अळू. ते खरंच आहे. अळू, सुरण आणि अँथुरियम एकाच कुळातले. पण फसगत इथंच होते. अळू मोरीच्या पाण्यावर, चिखलात पोसतो, म्हणून आपण अँथुरियमलाही भरपूर पाणी देतो. याचं मूळ घर मात्र दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया आणि इक्वेडोर या देशांतली डोंगराळ पावसाळी जंगलं. तिथं ते बऱ्याचदा मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, सालीच्या बेचक्यात आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात वाढतं. आपल्या आंब्याच्या झाडावर आमरी वाढते ना, तसं. ते बांडगूळ नाही. ज्या झाडावर बसतं त्याचा रस शोषत नाही, फक्त आधार घेतं.

फांदीवर पाऊस पडतो, पाणी वाहून जातं आणि मुळं पुन्हा वाऱ्यावर सुकतात. अँथुरियमची मुळं या सवयीची आहेत. जाड, पांढुरकी, वरून स्पंजासारखी. त्यांना ओल लागते, पण ओलीएवढीच हवाही लागते. काळ्या मातीत दाबून रोज पाणी दिलं की त्यांचा श्वास कोंडतो, ती कुजतात, आणि मुळं कुजलेलं झाड भरपूर पाण्यात उभं असूनही पाण्यावाचून सुकतं. मान टाकलेलं रोप बघून आपण आणखी एक तांब्या ओततो. बहुतेक घरांत अँथुरियम मरतं ते असं.

एदुआर आंद्रे या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये कोलंबियातून हे झाड गोळा केलं, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव अँथुरियम आंद्रेआनम. १८८९ मध्ये ते हवाई बेटांवर गेलं आणि तिथं त्याची मोठी फुलशेती उभी राहिली. आपल्या देशात केरळ, कर्नाटकातला कोडगू आणि गोवा या दमट भागांत शेडनेटखाली त्याची लागवड होते. आपली हवा तशी नाही, पण घरातल्या घरात एका कोपऱ्यापुरती ती करता येते.

आणखी एक गंमत. आपण ज्याला फूल म्हणतो ते तांबडं मेणचट ‘फूल’ म्हणजे रंग बदललेलं एक पान आहे. खरी फुलं त्याच्या मधल्या दांड्यावर असतात, खसखशीच्या दाण्यांएवढी आणि खच्चून भरलेली. म्हणूनच ते झेंडूसारखं आठवड्यात कोमेजत नाही, दीड-दोन महिने टिकतं. पुढे हिरवट पडलं की रोगाने गेलं असं समजू नका, त्याचं वय झालेलं असतं. दांडा बुडाजवळ कापून टाका.

आधी कुंडी उचलून खाली बघा

रोप घरी आलं की पहिलं काम हेच. सत्कारात मिळणारी शोभेची कुंडी चिनी मातीची किंवा फायबरची असते आणि पुष्कळदा तिला बुडाला भोकच नसतं. आत नर्सरीची काळी प्लास्टिकची कुंडी बसवलेली असते, वर पांढरे खडे पसरलेले असतात. वरून दिसायला छान, पण आत चार बोटं पाणी साचलेलं. आबांच्या त्या कुंडीचंही तसंच होतं, पण ते मला वर्षभराने माळा साफ करताना कळलं.

आतली काळी कुंडी बाहेर काढा. पाणी द्यायचं ते बाहेर, मोरीत किंवा अंगणात, आणि पूर्ण निथळल्यावरच परत शोभेच्या कुंडीत ठेवायची. वरचे खडे काढून टाका. त्यांच्यामुळे आत ओल आहे की नाही ते कळत नाही.

रोप नुकतंच आलं असेल आणि फुलावर असेल तर लगेच कुंडी बदलू नका. महिनाभर घरच्या हवेला रुळू द्या. मग मात्र आतलं मिश्रण तपासा. काळी किंवा तांबडी माती दाबून भरलेली असेल, तर ती बदलावीच लागते. यासाठी दुकानातून काही आणायची गरज नाही. नारळाचं वरचं साल, म्हणजे सोडण, सुपारीएवढे तुकडे करून दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचं आणि रोज पाणी बदलायचं. त्यातला तांबूस रस आणि खारटपणा निघून जातो. त्याच्या निम्म्याने विटेचे तुकडे, तेवढाच लाकडी कोळसा, आणि वरून मूठभर चांगलं कुजलेलं गांडूळखत. कोकोपीट घालायचं तर थोडंच, आणि तेही दोन-तीनदा धुऊन, पिळून. विटा जुन्या भिंतीच्या, सिमेंट-चुना लागलेल्या घेऊ नका. चुलीतला कोळसा चालतो, पण राख झटकून, धुऊन. आपल्याकडे कुठल्याही झाडाला राख टाकायची सवय आहे. अँथुरियमला किंचित आंबट बाजूचं मिश्रण मानवतं आणि राख त्याच्या नेमकी उलट.

कुंडी मोठी नको. मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन बोटं रुंद असली की पुरे. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस राहते आणि पुन्हा तीच गत होते. बसवताना रोपाचा मध्यकोंब मिश्रणाच्या वर राहील असं बघा. कोंब गाडला तर कुजतो.

पाणी : दिवस मोजू नका, बोट घाला

किती दिवसांनी पाणी द्यायचं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. त्याला एक उत्तर नाही. बोट दोन पेरं आत घाला. वरचा भाग कोरडा आणि आत नुसता गारवा लागला तर पाणी द्या. ओल लागली तर थांबा. दुसरी खूण वजनाची. पाणी दिल्यावर कुंडी उचलून बघा, चार दिवसांनी पुन्हा उचला. आठवड्यात हाताला अंदाज येतो. माझ्याकडे एप्रिल-मेमध्ये तीन दिवसांनी, पावसाळ्यात पाच-सहा दिवसांनी आणि डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं. तुमच्या घरात वेगळं निघेल.

द्यायचं तेव्हा मात्र पोटभर. खालच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत. रोज फुलपात्रभर देण्यापेक्षा हे बरं. बशीत उतरलेलं पाणी ओतून द्यायचं. आईला हे पटवायला मला बरेच दिवस लागले. ती म्हणायची, “एवढं कोवळं झाड, आन् आठ दिसांनी पाणी? तहानंनं मरंल की.”

दुसरी अडचण पाण्याच्या जातीची. आपल्या भागातलं बोअरचं पाणी क्षारांचं. भांड्याला, नळाला पांढरा थर येतो, तोच कुंडीत साचतो. अँथुरियमला क्षार सोसत नाहीत. पानाचं टोक आणि कडा तपकिरी होऊन वाळायला लागल्या, कुंडीच्या काठावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर समजा की पाणी बाधतंय. ज्या बागायतदारांकडे ईसी मीटर आहे त्यांनी पाणी तपासावं. ईसी अर्ध्याच्या आत असेल तर उत्तम. नुसतं उकळून क्षार पूर्ण जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी. पत्र्याच्या पन्हाळीखाली बॅरल लावला की एका कुंडीचं वर्षाचं काम भागतं. पहिल्या दोन पावसांचं धुळीचं पाणी सोडून द्या आणि बॅरलला झाकण ठेवा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय व्हायची. पावसाचं नसेल तर गावातल्या आरओ प्लांटच्या जारमधलं अर्धा लिटर काढून ठेवलं तरी चालतं. पण आरओच्या मशीनमधून जे पाणी बाहेर टाकलं जातं, ते अजिबात नको. त्यात बोअरपेक्षाही जास्त क्षार असतात. बोअरशिवाय इलाजच नसेल, तर पाऊस सुरू झाल्यावर कुंडी अंगणात सावलीला ठेवून एक-दोन चांगल्या पावसात धुऊन घ्या.

उजेड पाहिजे, ऊन नको

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे टीव्हीशेजारचा कोपरा. तिथं झाड मरत नाही, पण फूलही देत नाही. पानं लांब देठांची, गडद हिरवी होतात आणि झाड खिडकीकडे झुकतं. पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत ही उत्तम जागा. सकाळचं कोवळं ऊन तासभर आलं तरी बिघडत नाही. जागा तपासायची सोपी युक्ती सांगतो. दुपारी कुंडीच्या जागेवर हात धरा. सावली पडली पण कडा पुसट असल्या तर उजेड बरोबर. सावली सुरीसारखी धारदार पडली तर ते ऊन आहे, पान करपणार. आणि सावलीच पडली नाही तर अंधार आहे, फुलाची आशा सोडा.

पत्र्याच्या घरात उन्हाळा अवघड. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली भट्टी होते. त्या दोन महिन्यांत कुंडी जमिनीलगत, पाण्याच्या माठाजवळ ठेवा. तिथं गारवाही असतो आणि दमटपणाही. पसरट ताटात खडे घालून त्यांच्या निम्म्यापर्यंत पाणी भरायचं आणि कुंडी खड्यांवर ठेवायची. कुंडीचं बूड पाण्याला लागू द्यायचं नाही. कूलरचा किंवा पंख्याचा झोत थेट पानांवर नको. ओल्या फडक्याने आठवड्यातून एकदा पानं दोन्ही बाजूंनी पुसा. आपल्याकडे धूळ एवढी की पानाचा रंगच दिसत नाही. चमक यावी म्हणून काहीजण खोबरेल लावतात, ते करू नका, धूळ आणखी चिकटते.

थंडीत उलट. द्राक्षाला बाधणारी रात्रीची थंडी यालाही बाधते. पारा बारा-तेराच्या खाली जायला लागला की उघड्या खिडकीपासून कुंडी आत घ्या आणि पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको.

खताचा हात आखडता घ्या

आपल्या लोकांचा हात इथंच सुटतो. युरिया, डीएपी, ओलं शेण, काही म्हणजे काही नको. ड्रिपच्या टाकीत उरलेलं खतपाणी कुंडीत ओतू नका, ते वेलींच्या हिशोबाचं असतं. विद्राव्य १९:१९:१९ घरात असेलच. एक लिटर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा आणि तेही मिश्रण ओलं असताना. कोरड्या मुळांवर खत दिलं की मुळं भाजतात. थंडीत बंद ठेवा. खालची पानं शिरा हिरव्या राहून मधेमधे पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला एक ग्रॅम, एकदाच देऊन महिनाभर वाट बघा. चहाचा चोथा, दूध, गुळाचं पाणी यांनी मुंग्या आणि बुरशी येते, दुसरं काही होत नाही.

फूल का येत नाही, असं विचारणाऱ्यांनी पानं मोजावीत. जाणत्या अँथुरियमला प्रत्येक नव्या पानाच्या बेचक्यातून एक फूल येतं. पान नाही तर फूल नाही. त्यामुळे हिरवी पानं कापून झाड ‘मोकळं’ करू नका. द्राक्षाच्या छाटणीचा हात इथं आवरावा लागतो.

झाड बसलं तर

पानं लोंबली, खालून पिवळी पडली आणि कुंडीला आंबूस वास आला, तर पाणी देऊ नका. रोप सरळ बाहेर काढा आणि मुळं धुवा. पांढरी, टणक मुळं जिवंत. तपकिरी, बोटाने दाबली की साल सुटून आत दोरा राहतो ती मेलेली. मेलेली सगळी कापा. सुरी आधी स्पिरिटने पुसून घ्या आणि रोप अर्धा दिवस सावलीत सुकू द्या. मग वर सांगितलेल्या नव्या मिश्रणात, लहान कुंडीत लावा. मूठभर चांगली मुळं उरली असली तरी झाड परत येतं. माझं आताचं रोप असं एकदा फक्त दोन पानांवर आलं होतं. पहिलं नवं पान निघायला दोन-अडीच महिने लागले. तोवर खत नाही, आणि रोज उपटून बघायचंही नाही.

पानांवर पाणी भरल्यासारखे तेलकट डाग, भोवती पिवळी कड, आणि हळूहळू देठही काळा पडत असेल तर तो जिवाणूजन्य करपा असू शकतो. १९८०च्या दशकात हवाईतल्या फुलशेतीचं या रोगाने मोठं नुकसान केलं होतं. यावर खात्रीचं औषध नाही. मिश्रणासकट रोप फेकून द्या, कुंडी आणि सुरी धुऊन घ्या, शेजारी दुसरं अँथुरियम असेल तर त्याला हात लावण्याआधी हातही धुवा.

इथं द्राक्षवाल्यांना एक कळकळीची सूचना. घरात बोर्डो आहे, कॉपर आहे म्हणून मारून बघू, असं करू नका. तांबं अँथुरियमच्या पानांना बाधतं, रोगापेक्षा औषधानेच पान जातं. आणि तणनाशक मारलेल्या पंपाने तर घरातल्या कुठल्याच झाडावर काही फवारू नका, पंप कितीही धुतलेला असो. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढा. जास्त असेल तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा.

लहान मुलं आणि शेळ्या

हे कुठलाही कुंडी देणारा सांगत नाही. अँथुरियमचं पान, देठ, फूल, सगळंच तोंडात घालण्यासारखं नाही. अळू आणि सुरणाला जी खाज असते, तीच याला, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. अळू आपण चिंच किंवा आमसूल घालून शिजवून खातो. अँथुरियम कसंही शिजवलं तरी खायचं नाही. पान अळूसारखं दिसतं म्हणून कुणी वडीला घेऊ नये.

रांगणारं मूल घरात असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कारण तांबडं फूल मुलांना ओढतंच. मुलाने चावलं तर तोंड-जीभ भाजल्यासारखी होते, लाळ गळते, मूल रडून गोंधळ घालतं. तोंडातला चोथा बोटाने काढा, ओल्या फडक्याने पुसा, गार पाणी किंवा दूध थोडं थोडं पाजा. उलटी करायला लावू नका. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना, श्वासाला त्रास व्हायला लागला तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ला फोन करा. काढलेली पानं शेळी, वासराच्या पुढ्यात टाकू नका. छाटणी केल्यावर हात धुवा, डोळ्याला हात लावू नका.

आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी ती पोस्ट, की हे झाड रात्री ऑक्सिजन सोडतं आणि घराची हवा शुद्ध करतं, तिच्यावर जाऊ नका. रात्री तेही आपल्यासारखाच श्वास घेतं. एका कुंडीने चुलीच्या धुराचं काही होत नाही, त्यासाठी खिडकी उघडावी लागते.

एकाचे दोन

दोन-तीन वर्षांत बुडाला पिलं फुटतात. पिलाला स्वतःची तीन-चार पानं आणि बोटभर मुळं आली की जून-जुलैच्या दमट हवेत ते वेगळं करता येतं. ओढू नका. मिश्रण ओलं करून, गड्डा बाहेर काढून, जोड सुरीने कापा. कापलेल्या जागी कोळशाची पूड दाबा आणि पहिले दोन-तीन दिवस पाणी बेताचं. झाड जुनं झालं की खालची पानं गळून खोड उघडं पडतं आणि त्यावर मुळं लोंबायला लागतात. ती कापू नका. खोडाभोवती सोडणाचे ओले तुकडे रचत गेलात तर तीच मुळं आत शिरतात आणि झाड पुन्हा उभारी धरतं.

गेल्या जुलैत आमच्या झाडाची दोन पिलं काढली. एक बहिणीला दिलं. दुसऱ्यासाठी आबांनी माळ्यावरची ती जुनी कुंडी स्वतः खाली आणली. बुडाला ड्रिलने तीन भोकं मारून घेतली आणि मगच पिलू लावायला माझ्या हातात दिली.